हाली, कलदार आणि सातास सहाचा दर

रुपयाच्या विनिमयाचा इतिहास आपल्याकडे बहुतांशी लंडनकडे तोंड करून लिहिला गेला आहे. १ शिलिंग ४ पेन्स, २ शिलिंग, १ शिलिंग ६ पेन्स ह्या दरांभोवती माजलेला वाद अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो, डॉ. आंबेडकरांचा १९२३ चा रुपयाविषयीचा ग्रंथही ह्याच वादाच्या संदर्भात वाचला जातो. परंतु शेवगावच्या किंवा नेवाशाच्या शेतकऱ्याला स्टर्लिंगशी प्रत्यक्ष कर्तव्य नव्हते. त्याच्या रुपयाची ज्या परक्या नाण्याशी गाठ पडे, ते नाणे गोदावरीच्या पलीकडचे, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्याचा हाली शिक्का होते. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात ह्या हाली-कलदार विनिमयाची जी वासलात लावली जाते, तिचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

वासलात म्हणण्याचे कारण असे की, हाली आकडा दिसला की त्यास सहाने गुणून साताने भागावे आणि तो कलदार झाला असे मानावे, एवढ्यावरच पुष्कळदा विवेचन थांबते. हा दर खोटा नाही. ७ हाली म्हणजे ६ कलदार, अर्थात १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा विसाव्या शतकातील सरकारमान्य दर होता, आणि त्यास धातूचा आधारही होता. कलदार रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. चारमिनार छापाच्या हाली रुपयात सुमारे १४१ ग्रेन. हे प्रमाण सातास सहाच्या अगदी जवळचे आहे. (गोव्यात १८८१ पासून पोर्तुगीज रुपया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा व कसाचा पाडला गेल्याने तेथे चांदीच्या फरकाचा हा प्रश्न उरला नाही.)

दोष आहे तो हा दर मागील सर्व वर्षांना सरसकट लावण्यात. १८९३ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या. तेव्हापासून कलदाराची किंमत त्यातील चांदीहून वेगळी, व पुढे बरीच अधिक, झाली. जो हाली रुपया तोवर चांदीच्या वजनावर कलदाराशी तोलला जाई, त्याचा तराजूच नाहीसा झाला. चांदी उतरत असताना हालीचा भाव टिकणे हे ह्यापुढे निजामाची टांकसाळ किती नाणे पाडते, ह्यावर अवलंबून राहिले. १९०४ च्या सुमारास नवी चारमिनार नाणी आली आणि त्यांचा जम बसला, तोपर्यंतचा सारा काळ ह्या दृष्टीने संशयास्पद मानावयास हवा. आणि नेमके ह्याच काळात १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ पडले! दोन्ही तीरांवरील धान्याच्या भावांची तुलना करण्याचा मोह अभ्यासकास ज्या वर्षांत सर्वाधिक होतो, त्याच वर्षांत सातास सहाचा दर सर्वांत कमी विश्वसनीय आहे.

येथे आणखी एक अडचण आहे, आणि तीत चांगले विद्यार्थीही फसतात. त्या काळचे धान्याचे भाव ‘रुपयास इतके शेर’ असे नोंदविलेले असतात. समजा, पैठणला ज्वारी हाली रुपयास १२ शेर आणि शेवगावला कलदार रुपयास १३ शेर अशी नोंद सापडली. आकडे तसेच वाचले तर पैठणला महागाई अधिक दिसते. सवयीने १२ ला सहाने गुणून साताने भागले, तर सव्वादहा शेर होतात आणि महागाई अधिकच वाढते. वस्तुतः भाव उलट मांडलेला असल्याने रूपांतरही उलट करावयास हवे. हाली रुपयास १२ शेर म्हणजे कलदार रुपयास १४ शेर. तेव्हा स्वस्ताई पैठणला होती, शेवगावला नव्हे. त्या साली हालीचा बाजारभाव १०० कलदारांस १२५ असा उतरलेला असेल, तर तेच धान्य कलदारास १५ शेर पडते. दुष्काळात धान्य नदीच्या कोणत्या बाजूकडून कोणत्या बाजूकडे ओढले गेले असेल, ह्याचे अनुमान ह्या एका गुणाकारावर फिरते. दोन्हीकडचा शेर एकच होता की नाही हे पाहणे आणखी वेगळे.

सरकारी दर स्थिरावल्यावरही सराफाच्या पेढीवरील बट्टा स्थिर राहिला असेल असे मानण्याचे कारण नाही. कापूस व गळिताची धान्ये खरेदी करण्यास मुंबईकडील व्यापारी कलदार घेऊन उतरत. शेतकऱ्यास मात्र हाली द्यावे लागे. सुगीत हालीस मागणी व पावसाळ्यात मंदी, हे ओघानेच येते. त्यातच निजामाच्या हद्दीत करोडगिरीची जकात होती, आणि १८०२ च्या व्यापारी तहापासून तिचे मान शेकडा ५ होते. तेव्हा दोन तीरांच्या भावांत जे अंतर दिसते त्यातील नाण्याचे किती, जकातीचे किती व वाहतुकीचे किती, हे वेगळे केल्यावाचून ‘बाजारपेठा एकजीव नव्हत्या’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होय. जामखेडची गोष्ट तर ह्याहूनही गुंतागुंतीची. तेथील गावे निजामाच्या गावांत विखुरलेली होती. नदीसारखी स्पष्ट सीमा तेथे नव्हती. अशा मुलखातील कर्जखत वाचताना रकमेपुढे शिक्क्याचे नाव आहे की नाही, हे प्रथम पाहावे. शंभर हाली आणि शंभर कलदार ह्यांतील तफावत सरकारी दरानेही सव्वाचौदा रुपये कलदार भरते, आणि ऋणकोच्या दृष्टीने ती लहान नव्हे.

वर्षाचा घोटाळाही विसरून चालणार नाही. हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरात सुरू होई. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. जानेवारी ते डिसेंबरच्या आकड्यांशी ते तसेच जुळविले तर एका सुगीचा भाव दुसऱ्या सुगीशी तोलला जातो.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हाली काही वर्षे चलनात होता. त्यामुळे मराठवाड्याविषयीचे १९५० च्या आसपासचे आकडेही नाण्याचे नाव पाहिल्यावाचून वापरू नयेत. पुढे त्या दशकात तो मागे घेण्यात आला, तो सातास सहा ह्याच दराने. लोकांच्या व कचेऱ्यांच्या स्मरणात शेवटचा म्हणून हाच आकडा राहिला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच पुढे साठ वर्षे मागे लोटला गेला.