पेट्री डिशमधला युरिया आणि शेतातला युरिया

भाताच्या उगवणीवर नत्र खताचा परिणाम सांगणाऱ्या प्रबंधांमध्ये एक साचा सारखा भेटतो. पेट्री डिश, फिल्टर पेपर, युरियाची १ टक्क्यापर्यंतची द्रावणं आणि कंट्रोल म्हणून नुसतं पाणी. निष्कर्षही ठरलेला: प्रमाण वाढलं की उगवण घटते, म्हणून नत्र मारक. प्रयोग स्वस्त आणि सोपा आहे. म्हणूनच एमएस्सीसाठी तो उचलण्याआधी तपासून घ्या.

आधी प्रमाण बघू. १ टक्का म्हणजे लिटरमध्ये १० ग्रॅम युरिया. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४,६०० मिलिग्रॅम. हेक्टरी १०० किलो नत्र वरच्या १५ सेंटिमीटर मातीत (सुमारे २२ लाख किलो) मिसळलं, तर किलोमागे जेमतेम ४५ मिलिग्रॅम येतं. मातीत पाणी कमी असतं, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण अंतर दिसतंच.

मग उगवण घटली कशामुळे? १ टक्का द्रावणाची मोलॅरिटी सुमारे ०.१७ असते, परासरण दाबामुळेच बीला पाणी शोषणं जड जाऊ शकतं. शिवाय युरिएज विकरामुळे युरियाचं विघटन होऊन अमोनिया तयार होतो, सामू वाढतो आणि कोवळं मूळ भाजतं. यातलं खरं कारण कोणतं, हे पाण्याचा कंट्रोल सांगत नाही. तेवढ्याच मोलॅरिटीचं मॅनिटॉल ठेवा आणि सामू रोज मोजा.

उगवण आणि रोपवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बी उगवतं ते भ्रूणपोषातल्या साठ्यावर. साधारण तिसऱ्या पानाच्या सुमाराला तो संपत येतो, तेव्हा रोप बाहेरचं नत्र मागतं. सातव्या दिवशी प्रयोग गुंडाळून ‘रोपाला नत्राचा उपयोग नाही’ म्हणणं म्हणजे भूक लागण्याआधीच ताट उचलणं.

आणि एका डिशमधले १०० दाणे म्हणजे १०० पुनरावृत्ती नव्हेत. एकक डिश आहे, दाणा नाही.

या प्रयोगांतून एक उपयोगी गोष्ट मात्र कळते: तीव्र युरिया बियाला चिकटून नको. पण तेच वाक्य ‘तरव्याला युरिया नको’ असं होऊन शेतकऱ्यापर्यंत पोचलं, तर पिवळ्या रोपांची किंमत तो मोजतो. तुमचा निष्कर्ष डिशइतकाच ठेवा.