ओवीतील संबोधन आणि स्थलांतरिताची श्रद्धा

हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रेरणेने झालेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. मुळशी-मावळाप्रमाणेच भोर व वेल्हे येथील डोंगरी गावांचाही त्यात वाटा आहे. या संकलनात ओव्यांची विषयवार वर्गवारी केलेली आहे. अभ्यासकास ती अत्यंत सोयीची आहे. परंतु देव, नाती आणि कष्ट ही तीन निराळी दालने मानली, की ओवीच्या अर्थाची हानी होते.

हे का घडते, ते येथील जीवनक्रमावरून कळते. भोर-वेल्ह्याची डोंगरी शेती मुख्यतः पावसावरच्या भाताची. भात निघाले की हातास काम उरत नाही. मग कोणी मुंबईची वाट धरी, तर कोणी परक्या शिवारात मजुरीस जाई. घर व खाचरे स्त्रीच्या अंगावर पडत. आषाढी वारी आणि भातलावणी यांचे दिवस जवळजवळ एकच. पाऊल चिखलात असता पंढरीस जाणे कसे घडावे? अशा स्त्रीच्या तोंडी पंढरी हे ‘माहेर’ होते, ते केवळ अलंकार म्हणून नव्हे. जेथे जाणे दुर्घट आणि जेथून बोलावणे येण्याची आशा सुटत नाही, त्या स्थळासाठी तिच्या भाषेत दुसरा शब्दच नाही.

संबोधनाचा विचार केल्यास हे अधिक स्पष्ट होते. विठ्ठलास ‘तू’ म्हटले जाते. तो बाप होतो, बंधू होतो, ‘विठाई’ही होतो. जनाबाईसंगे विठ्ठल दळू लागल्याची कथा सर्वश्रुतच आहे. दळणास दुसरा हात लागतो. तो हात शेजारणीचा असो वा देवाचा, ओवीस त्यात भेद दिसत नाही. लावणीच्या वेळी इर्जिकीस धावून येणारी माणसे आणि संकटात हाकेस येणारा देव यांना हाक एकाच व्याकरणाने घातली जाते.

ही श्रद्धा म्हणजे निव्वळ दैवाधीनता होय, असा आक्षेप घेता येईल. तथापि याच संकलनात बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही विपुल आहेत. तेथे दैवत गेले, जुना धर्म गेला. पण आप्तभावाची हाक तशीच राहिली. शरणागती हाच जर ओवीचा प्राण असता, तर हे परिवर्तन तिला पेलले नसते.

पिठाच्या गिरणीने जाते थांबविले. लग्नप्रसंगी त्याची पूजा होते. पण पहाटेची सोबत उरली नाही. आता ओवी बहुधा ध्वनिमुद्रणात अथवा छापील पानावर, एकटी भेटते. म्हणून समीक्षकाने प्रत्येक ओवीस प्रथम एकच प्रश्न विचारावा: ही हाक कोणास आहे? देवनामावरून तिचे दालन ठरविणाऱ्याच्या हाती शब्द येतील. खुंट्याला लागलेला दुसरा हात मात्र त्याला दिसणार नाही.