जनुकीय पिकांविषयीचे मराठी लेखन : परिभाषेची एक तपासणी

जनुकीय पिकांच्या लाभहानीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखनातील मतभेद शास्त्रीय आहेत असा सर्वसाधारण समज आहे; वस्तुतः त्यांपैकी बऱ्याच मतभेदांचा निकाल नामकरणापाशीच लागलेला असतो. ‘जनुकीय सुधारित’ असे लिहिणारा लेखक सुधारणा झाली हे गृहीत धरूनच प्रारंभ करतो. मूळ इंग्रजी संज्ञेत केवळ बदलाचा निर्देश आहे. शिवाय ‘सुधारित वाण’ ही कृषिपरिभाषेत आधीच रूढ असलेली संज्ञा होय. ती ज्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते अशा वाणासाठी, ‘संकरित’हून भेद दाखवण्याकरिता, वापरली जाते. विरोधकांचे ‘विषारी बियाणे’ हे नामकरणही असेच एकांगी आहे. मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या जनुकामुळे बीटी कपाशीत जे प्रथिन निर्माण होते, ते बोंडअळीच्या आतड्यास मारक ठरते. मनुष्याच्या आतड्यात त्या प्रथिनास चिकटण्यास जागा नसते. ‘विष’ हा शब्द ‘कोणास?’ या प्रश्नावाचून अपुरा आहे.

भारतात बीटी कपाशीस २००२ मध्ये अनुमती मिळाली, ती संकरित वाणांच्या रूपाने. दरवर्षी बी विकत घ्यावे लागते ही तक्रार खरी आहे. पण तो दोष संकराचा, जनुकाचा नव्हे. या दोहोंची गल्लत दोन्ही पक्षांच्या लेखनात आढळते.

परंतु अशा गल्लतीचे मूल्य केवळ वादविवादापुरते राहत नाही. ‘बीटी म्हणजे कीड नाही’ असा अर्थ गावोगाव रुजला. हे प्रथिन मावा, तुडतुडे इत्यादी रसशोषक किडींवर चालत नाही, आणि बोंडअळ्यांवरील त्याचा प्रभावही अटीवर अवलंबून असतो. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळे. ती शेताच्या कडेने लावल्यास तेथे सामान्य पतंग जगतात; प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संयोग झाला की पुढील पिढीत प्रतिकारशक्ती सहसा प्रबळ होत नाही. मराठीत या ओळींना ‘आश्रय-पीक’ म्हटले गेले. अळीला आश्रय द्यावयाचा, हे कोणत्या शेतकऱ्यास पटावे? पुष्कळांनी ती पुडी टाकून दिली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशीची जी हानी केली, तिची कारणे अनेक होती. हंगाम लांबवणे हे एक, आश्रय-पिकाची उपेक्षा हे दुसरे. ‘राखण-ओळी’सारखे नाव दिले असते तर अरिष्ट टळले असते असे नाही, तथापि त्या पुडीचे प्रयोजन तरी कळले असते. या प्रसंगाकडे ‘तंत्राचे अपयश’ म्हणून पाहणारे लेखक आणि ‘शेतकऱ्याचे अज्ञान’ म्हणून पाहणारे लेखक, दोघेही भाषांतरकाराची जबाबदारी विसरतात.

खाद्यपिकांविषयीचे लेखन त्या मानाने सावध आहे. बीटी वांग्याची शिफारस करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नावात २००९ साली ‘मान्यता’ असा शब्द होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या वांग्यास स्थगिती मिळाली आणि त्याच वर्षी ‘मान्यते’च्या जागी ‘मूल्यमापन’ आले. हा फेरबदल मराठी लेखनात क्वचितच नोंदला जातो. तसेच ‘भारतात जनुकीय अन्न नाही’ हे विधान सरकीच्या तेलाकडे पाहत नाही. अर्थात शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, हेही सांगितले पाहिजे.

२०२५ च्या मे महिन्यात घोषित झालेल्या भाताच्या दोन वाणांसाठी ‘जनुक-संपादित’ ही संज्ञा पुढे आली आहे. संपादन म्हणजे आहे त्या मजकुरात फेरफार. बाहेरचा मजकूर घालणे नव्हे. येथे भेद नेमका व्यक्त होतो. यापेक्षाही नेमका शब्द मात्र विदर्भातील बाजाराने घडविला आहे. तणनाशक सहन करणाऱ्या अनधिकृत कपाशीस तेथे ‘चोर बीटी’ म्हणतात. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात जाहीरपणे तिची लागवड झाली, तरीही ते नाव टिकले. त्यात स्तुती नाही, भयही नाही. केवळ बियाण्याची कायद्यातील स्थिती सांगितली आहे.