मुक्ताबाईंचा निबंध : दुःख आणि चिकित्सा

‘ज्ञानोदय’च्या १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांतून ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्या मुक्ताबाई (मुक्ता साळवे) या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील किशोरवयीन विद्यार्थिनी होत. दलित स्त्रीलेखनाचा आरंभबिंदू म्हणून या निबंधाचा उल्लेख आता सर्रास होतो. १९९१ साली सूझी थारू व के. ललिता यांच्या संकलनातून तो इंग्रजी वाचकांपर्यंतही पोहोचला. उल्लेखांच्या मानाने त्याचे वाचन मात्र थोडेच झाले. ‘भोगलेल्या दुःखाचा अस्सल उद्गार’ अशी त्याची वाखाणणी होते आणि बहुधा तेथेच विवेचन थांबते. दलित साहित्याच्या समीक्षेने अनुभवाच्या अस्सलतेला जे मध्यवर्ती स्थान दिले, त्याचाच हा परिणाम होय. पण त्यात एक अन्याय दडलेला आहे. अनुभव मुलीचा आणि विचार तिच्या गुरूंचा, अशी वाटणी त्यात कोणी उघडपणे न बोलताही होऊन जाते.

वस्तुतः निबंधाचा मोठा भाग स्वानुभवाचा नाहीच. इमारतींच्या पायांत मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरल्याचे, तालीमखान्यापुढून जाणाऱ्यांची डोकी उडविल्याचे जे वृत्तान्त त्यात येतात ते पेशवाईतले आहेत, आणि पेशवाई १८१८ साली संपली होती. मुक्ताबाईंनी ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असणार. या ऐकीव स्मृतींचा उपयोग त्यांनी पुराव्यासारखा केला आहे. बाजीरावाच्या तोंडी घातलेले उद्गार या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. मांग-महार वाचू लागले तर दप्तराचे काम त्यांना द्यावे आणि ब्राह्मणांनी धोकट्या घेऊन विधवांच्या हजामती करीत हिंडावे काय, असा त्या उद्गारांचा आशय आहे. अक्षरबंदीचे समर्थन शास्त्राच्या भाषेत होत असे. येथे तिचे कारण दप्तरात, म्हणजे चाकरीच्या मक्तेदारीत दाखविले जाते. शिवाय हे सारे उपहासाच्या अंगाने येते. केवळ आर्त उद्गाराला हा उपहास साधणारा नाही.

स्वतःच्या काळातील, आणि बहुधा स्वतःच्या वयाच्या मुलांचा, प्रसंग जेथे येतो तेथेही हीच रीत दिसते. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून मांग-महारांच्या मुलांची डोकी फोडली तरी ही माणसे सरकारात फिर्याद देत नाहीत, कारण उष्टे मागायला त्याच घरी जावे लागते. जखमेचे वर्णन दोन शब्दांत आटोपते. लेखिकेचे सारे लक्ष फिर्याद का होत नाही याकडे आहे. अत्याचार, मौन आणि पोटाची ओढ यांची ही साखळी निबंधातील सर्वांत पक्की जागा मानावी लागेल. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांचा उल्लेखही असाच लगेच वैद्याच्या पैशांकडे वळतो.

पाउलो फ्रेअरे यांनी पुढे शोषितांच्या शिक्षणाचा जो विचार मांडला, त्यात दुःखाचे कारण दैवात शोधणारी जाणीव आणि ते समाजव्यवस्थेत शोधणारी चिकित्सक जाणीव असा भेद आहे. मुक्ताबाईंच्या निबंधात देव आहे, परंतु दुःखाचे कारण म्हणून नव्हे. वेद ब्राह्मणांचेच, ते आम्ही पाहावयाचेही नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, हे त्याने सांगावे अशी मागणी त्या त्याच्यापुढे ठेवतात. प्रार्थनेचा घाट कायम ठेवून तिच्यात तर्क भरला आहे.

फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटकही १८५५ सालचेच. त्यात जोशाने नाडलेल्या कुणबी जोडप्याचे डोळे पाद्र्याच्या संभाषणाने उघडतात, विदूषक प्रत्येक फसवणुकीवर टीका करीत राहतो आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेचा रस्ता धरते. फसणारे आणि फसवणूक ओळखणारा अशा दोन भूमिका गुरूंनी वेगळ्या ठेवल्या. शिष्येच्या निबंधात त्या एकाच ‘आम्ही’मध्ये येतात, तेथे विदूषकाची गरज उरत नाही. शाळेने काय दिले याचे उत्तर या फरकात शोधावयास हवे. मजकूर गुरूंच्या विचारांशी किती जुळतो, हे मोजत बसणे त्यामानाने गौण आहे. निबंधाच्या शेवटी ही मुलगी आपल्या जातिबांधवांना ज्ञानाचे औषध घेण्यास बजावते, म्हणजे वडीलधाऱ्यांना शिकविण्याचा अधिकार ती स्वतःकडे घेते.

या चिकित्सेला मर्यादा आहेच. इंग्रजी अमलाविषयीची कृतज्ञता निबंधात मोकळेपणाने येते. बाजीरावाच्या दप्तराला विचारलेला प्रश्न कंपनीच्या दप्तराला विचारला जात नाही. मिशनचे नियतकालिक आणि पेशवाईची ताजी आठवण ध्यानात घेता हे अनपेक्षित नाही, तरी ही उणीव झाकण्याचे कारण नाही. फुल्यांनी स्वतः सरकारी कारभाराची झडती ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये घेतली ती १८८३ साली, म्हणजे पुढे अठ्ठावीस वर्षांनी. त्या मधल्या काळात मुक्ताबाईंचा विचार कोणत्या दिशेने गेला हे पाहण्यास साधन नाही; या निबंधापलीकडे त्यांचे लेखन उपलब्ध नाही.