नावाला संरक्षण, आवाज उघड्यावर

२०२५च्या सप्टेंबरअखेर मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्यांच्या आवाजाची प्रतिकृती पुरवणाऱ्यांना त्याने मनाई केली. त्याआधी, जुलै २०२४मध्ये, याच न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाला असेच कवच दिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २०२२मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२३मध्ये अनिल कपूर यांचे नाव, चेहरा, आवाज, बोलण्याची लकब यांवर परक्याने धंदा करू नये, असे बजावले होते.

हे आदेश योग्यच आहेत. आयुष्यभर कमावलेला आवाज कोणीतरी परस्पर यंत्रात घालावा आणि महिन्याच्या वर्गणीवर विकावा, हे चोरीपेक्षा वेगळे नाही. तरीही ते वाचताना एक गोष्ट सतत खटकते. ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ नावाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. खासगीपणाचा घटनात्मक हक्क आणि दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवण्यास असलेली मनाई, अशा धाग्यांतून न्यायालयांनी हे संरक्षण विणले आहे. त्यामुळे पहिला प्रश्न असतो तो अर्जदार प्रसिद्ध आहे का, लोक त्याला ओळखतात का, हा. म्हणजे जपला जातो तो लौकिक. आवाजामागची मेहनत या हिशेबात येतच नाही.

गाणाऱ्याला कायद्याने मोजायचे कसे, हा घोळ आपल्याकडे जुना आहे. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टीचा वाटा मिळावा, अशी मागणी केली. मोहम्मद रफींचे मत वेगळे होते. मानधन घेतले की गायकाचा हिशेब संपला, असे ते मानत. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणी गायली नाहीत. आजही हा किस्सा दोन मोठ्या माणसांच्या रुसव्याच्या थाटात सांगितला जातो. प्रत्यक्षात तो एका व्यवसायाचा मूलभूत प्रश्न होता. १९५७चा कॉपीराइट कायदा गीतकाराला लेखक म्हणून, संगीतकाराला रचनाकार म्हणून आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला मालक म्हणून ओळखत होता. ज्याच्या गळ्यातून गाणे बाहेर पडले, त्याच्यासाठी त्यात एक ओळही नव्हती.

गीतकार-संगीतकारांचे तरी भले झाले का? १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्माता वरचढ ठरवला. चित्रपटासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या, बांधून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक तोच, उलट करार नसेल तर. त्याच निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी एक छोटी पुरवणी जोडली. भारतात गाणे ऐकले जाते ते गाणाऱ्यासाठी आणि कायदा मात्र नेमके त्यालाच विसरला आहे, अशी खंत त्यांनी नोंदवली आणि संसदेला याचा विचार करायला सुचवले. संसदेने तो केला १९९४मध्ये, सतरा वर्षांनी. ‘कलाकाराचा हक्क’ तेव्हा कायद्यात आला खरा, पण एकदा चित्रपटात गायला संमती दिली की तो संपत असे. म्हणजे पार्श्वगायकांच्या हातात व्यवहारात काहीच उरले नाही.

खरा बदल २०१२च्या दुरुस्तीने झाला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू लावून धरली आणि चित्रपटसृष्टीतल्या बड्या निर्मात्यांचा रोष ओढवून घेतला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा आता कराराने सोडूनही देता येत नाही. गाण्याच्या व्यापारी वापरात गायकालाही वाटा मिळाला. पण अंमलबजावणीसाठी पुन्हा न्यायालयाचीच पायरी चढावी लागली. एफएम केंद्रांनी गीतकार-संगीतकारांना वेगळी रॉयल्टी द्यायची की नाही, या वादात मुंबई उच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला तो एप्रिल २०२३मध्ये.

याच दुरुस्तीत एक तरतूद आहे आणि आजच्या काळात तीच सर्वांत मोलाची वाटते. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो करार त्या माध्यमाला लागू होत नाही. हा नियम कलाकाराच्या हक्कालाही जोडलेला आहे. दहा वर्षांपूर्वी सही केलेल्या कागदाच्या बळावर एखाद्या गायिकेचा आवाज आज यंत्राला शिकवता येईल का? माझ्या मते येणार नाही आणि वकिलांनी हा मुद्दा जोरात मांडायला हवा.

नक्कल सरसकट वाईट, असे मात्र माझे म्हणणे नाही. कुमार गंधर्व लहानपणी नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि त्याचेच कौतुक होई. पुढे बी. आर. देवधरांकडे शिकून त्यांनी स्वतःचे गाणे शोधले. ‘मला उमजलेले बालगंधर्व’मध्ये तर त्यांनी दुसऱ्याच्या गायकीला आपल्या समजुतीतून उत्तर दिले. मुंबईच्या ऑर्केस्ट्रांमध्ये रफी, मुकेश, किशोर यांच्या आवाजात गाणाऱ्यांनी संसार चालवले आणि जुनी गाणी गावोगाव जिवंत ठेवली. कॅसेटच्या जमान्यात तर जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्यांना कायद्याने वाट दिली होती आणि त्या वाटेवरून काही चांगले गायक पुढे आले. या सगळ्यांत एक माणूस दुसऱ्या माणसाचे ऐकत होता, घसा झिजवत होता, फसत होता आणि आपले असे काहीतरी त्यात मिसळत होता. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असे की समोरचा रफी नाही.

यंत्राच्या नकलेत हे काहीच नाही, पण त्यातही एक माणूस लपलेला असतो. आवाज बदलणाऱ्या प्रणालीला आधी कोणीतरी गायलेले गाणे लागते. स्टुडिओत ज्याला ‘स्क्रॅच’ म्हणतात, तसे ते गाणे एखादा होतकरू मुलगा गातो. श्वास त्याचा, शब्दफेक त्याची, हरकत त्याची. त्यावर नामवंताच्या आवाजाचा रंग चढवला जातो. पूर्वी निदान मोठा गायक येऊन ते गाणे पुन्हा गात असे. आता त्या मुलाचीच कला कायमची दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ शकते. न्यायालयात दाद मागायला नामवंत जाईल. तो मुलगा कुठे जाणार?

नीतीने हे तंत्र वापरता येते, याचे उदाहरण आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले ते कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या मुलाला मात्र आपल्या वडिलांचा आवाज न विचारता वापरल्याबद्दल एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवावी लागली.

ही सगळी नावाजलेली माणसे आहेत. माझे मन अडते ते कोरसपाशी. कायद्यातल्या ‘कलाकार’ या व्याख्येला एक शेपूट आहे. चित्रपटातले ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो कलाकार मानला जात नाही. त्याच्या कामाची विटंबना झाली तर तेवढी तक्रार तो करू शकतो. बाकी काही नाही. आता कोरस गाणाऱ्यांची, गर्दीचे आवाज देणाऱ्या डबिंग कलाकारांची नावे पडद्यावर किती वेळा येतात? नाव द्यायचे की नाही हे निर्माता ठरवतो आणि न दिलेल्या नावाचा फायदाही त्यालाच होतो. यंत्राला शिकवण्यासाठी सर्वांत स्वस्त आणि बिनबोभाट आवाज याच लोकांचे आहेत. प्रसिद्धीच्या कसोटीवर ते टिकत नाहीत आणि कायद्याच्या व्याख्येतूनही निसटतात. दोन्हीकडून ते उघडे आहेत.

म्हणून तारांकितांच्या प्रत्येक अंतरिम आदेशाचे स्वागत करताना मला समाधान वाटत नाही. व्याख्येतली ती अट संसदेने काढली पाहिजे आणि आवाजाची प्रतिकृती करण्यासाठी वेगळी, लेखी, मोबदल्यासह संमती बंधनकारक केली पाहिजे. मग तो आवाज आशाताईंचा असो की तिसऱ्या रांगेतल्या कोरस गायिकेचा. त्यासाठी थांबण्याचीही गरज नाही. मराठी निर्मात्यांनी पुढच्याच चित्रपटापासून ध्वनिमुद्रणात भाग घेतलेल्या प्रत्येक गळ्याचे नाव श्रेयनामावलीत द्यावे. कायदा न बदलताही त्या माणसांना ‘कलाकार’ ठरवायला तेवढे पुरेल.