सागर : संबोधन आणि अधिकरण

मराठी काव्यात सागर बहुधा संबोधनात येतो. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्फुरलेल्या सावरकरांच्या कवितेत तो विनवणीचा व ठपक्याचा धनी आहे; कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तील (१९४२) कोलंबस त्याला आव्हान देतो. दोन्हीकडे सागराला ऐकू येते, हे गृहीतच. अमरावतीस जन्मलेल्या विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) मात्र सागर अष्टमीतून सप्तमीत उतरतो, तो प्रेमाचे केवळ अधिकरण होय. युरोपातून मायदेशी परतणारा चक्रधर आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हर्टा यांची भेट जहाजावर होते, आणि प्रवासाचे जितके दिवस तितकेच त्या प्रेमाचे आयुष्य. (शीर्षकाला आठवण आहे ती भूमीची, जहाजाची नाही.) उमेच्या प्रेमात पोळल्यामुळे चक्रधर कचरतो, हे स्पष्टीकरण खरे, पण अर्धे. तेवढ्यावर थांबल्यास कादंबरी एका दुबळ्या मनाची कहाणी उरते आणि १९३९ हे वर्ष तिच्यातून गळून पडते. चक्रधरला उतरण्यास मुंबई आहे; हर्टेला परतण्यास देश नाही, तिचे जहाज पूर्वेकडे पुढे जाते. निवेदन प्रथमपुरुषी आहे, आणि तेही उतरलेल्याचे.