सेलम, रितपूर आणि आजीचं एक वाक्य

एमएला असताना आम्हाला हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ होती. अमरावतीच्या त्या वर्गात सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले : गिल्ट आणि शेम. पहिला ख्रिश्चनांचा, दुसरा आपला. म्हणजे आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ याची लाज असते, पण कोणी बघत नसतानाही आतून कुरतडणारा अपराधभाव आपल्या संस्कृतीत नाही. आम्ही उतरवून घेतलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले. आता अकोल्यात क्लास घेताना तीच कादंबरी मी शिकवते आणि ती दोन शब्दांची वाटणी माझ्या तोंडून निघत नाही. अमेरिकेबद्दल ती अर्धवट आहे, वऱ्हाडाबद्दल तर साफ चूक आहे.

सरांना असं वाटण्याचं कारण आपल्या भाषेतच आहे, हे मान्य करायला हवं. मराठीत पाप ‘लागतं’. धूळ लागावी, ठेच लागावी तसं. ते बाहेरून येतं आणि आंघोळीनं, उपासानं, दानानं फेडता येतं. माझ्या वडिलांकडे विटाळ आणि पाप यांत फार फरकच नव्हता. महिन्याचे चार दिवस मी कोपऱ्यातल्या चटईवर बसायची. मी काही केलेलं नसायचं, पण काहीतरी लागलेलं असायचं.

अमेरिकेतल्या प्युरिटनांचं पाप असं लागत नाही, ते आधीपासून आतच असतं. 1620 मध्ये प्लिमथला आणि दहा वर्षांनी मॅसॅच्युसेट्सला जहाजांतून उतरलेल्या या माणसांची श्रद्धा अशी, की कोणाचा उद्धार व्हायचा हे देवानं तुमच्या जन्माआधीच ठरवून टाकलंय. चांगलं वागून निकाल बदलत नाही. मग उरतं काय? निकाल आपल्या बाजूनं लागलाय का, याच्या खुणा स्वतःतच शोधत बसणं. त्यासाठी ते डायऱ्या लिहायचे. मायकेल विगल्सवर्थ नावाचा हार्वर्डमध्ये शिकवणारा तरुण होता. शेजाऱ्याच्या तबेल्याचं दार वाऱ्यानं आपटतंय, ते जाऊन सांगणं आपलं कर्तव्य आहे का, यावरून त्याचा जीव टांगणीला लागला आणि ते त्यानं डायरीत लिहून ठेवलं. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. मीही हसले होते. रात्री अडीचला उठून आपण पाठवलेला मेसेज चौथ्यांदा वाचणाऱ्या पिढीनं खरं तर हसू नये.

हॉथॉर्न मात्र स्वतः प्युरिटन नव्हता, हे गाइडांमध्ये नीट येत नाही. त्याची कादंबरी 1850 ची. सेलम गावात 1692 साली चेटकीण ठरवून जे खटले चालले, 19 जणांना फासावर चढवलं, त्या खटल्यांतला एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा त्याचा पूर्वज. ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये म्हणूनच एक अंतर आहे. ती पापाबद्दल लिहिते, पण पूर्वजांच्या पापाबद्दल. त्यामुळे सगळं थोडं जास्तच सुंदर होतं. छातीवरचं ते लाल अक्षर, चांगला सोनेरी भरतकाम केलेला ‘ए’, वाचकालाच आवडायला लागतं.

मला त्यापेक्षा सॅम्युअल सूअल महत्त्वाचा वाटतो. तोही त्याच खटल्यांतला एक न्यायाधीश. 1697 मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये त्यानं पाद्र्याच्या हातात चिठ्ठी दिली, आणि पाद्री ती वाचत असताना सगळ्या मंडळींसमोर तो उभा राहिला. त्या चिठ्ठीत तो दोष मागून घेतो आणि लाजही. दोन्ही, एकाच वाक्यात. फळ्यावरचे ते दोन शब्द ज्याच्यात वेगळे करता येत नाहीत, तो माणूस अस्सल प्युरिटन होता.

आता वऱ्हाड. आईच्या माहेरी महानुभाव पंथ. आजीच्या घरात गणपती बसत नसे, शेजारचा प्रसाद ती हात जोडून परत करायची, आणि तिथं मला कधी कोपऱ्यात बसावं लागलं नाही. लहानपणी मला ती फक्त हट्टी वाटायची. पुढे ‘लीळाचरित्र’ वाचलं तेव्हा कळलं, की तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनीच बायकांचा तो विटाळ मानायला नकार दिला होता. एकच परमेश्वर, बाकीच्या देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, जात-विटाळाला अर्थ नाही, घरदार सोडून भिक्षा मागत फिरावं, असा हा कडक मार्ग. प्युरिटनांसारखीच ही मूठभर, एकलकोंडी, शेजाऱ्यांना खटकणारी माणसं. आणि त्यांच्यासारखीच एका साहित्याच्या अगदी सुरुवातीला उभी असलेली.

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं रितपूर म्हणतात. चक्रधर निघून गेल्यावर शिष्य तिथं गोविंदप्रभूंकडे आले, आणि शके 1200 च्या सुमाराला, म्हणजे 1278 च्या आसपास, म्हाइंभटांनी तिथं लीळा जमवायला घेतल्या. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ. नेट-सेटच्या तयारीत आपण तो यादवकाळातली भांडी, पक्वान्नं आणि कपडे शोधायला वाचतो. समीक्षकांनीही बराच काळ तेवढंच केलं. पण हा ग्रंथ कशामुळे लिहिला गेला? देव समोर होता, आपल्याबरोबर जेवत होता, आणि आपण तेव्हा जेवणावरून, जागेवरून, मानापानावरून भांडत होतो, या जाणिवेतून. लीळांमधले शिष्य सतत चुकतात, बोलणी खातात, आणि तेच प्रसंग पुढे तेच लोक सांगतात, काही न लपवता. म्हाइंभट तर वाद घालून जिंकायला आलेला अहंकारी पंडित. त्यानं पुढचं आयुष्य दारोदार जाऊन ‘तुम्हाला काय आठवतं’ हे विचारण्यात घालवलं. ऐकलेलं नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर पंथानं दोन्ही जपल्या.

पंथाचा शब्द आहे अनुताप. गिल्टचं भाषांतर म्हणून कोणी तो वापरत नाही, पण मला तोच जवळचा वाटतो. फरक मात्र मोठा आहे. प्युरिटन एकटा बसतो आणि स्वतःला तपासतो, कारण त्याचा प्रश्न ‘माझं काय होणार’ हा असतो. महानुभाव दुसऱ्याकडे जातो, कारण त्याचा प्रश्न ‘तो असताना मी कुठं होतो’ हा आहे. म्हणून एकाकडून डायरी येते आणि दुसऱ्याकडून आठवणींचा संग्रह, ज्यात सांगणारा बहुतेक वेळा मूर्खच दिसतो. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा आठवत राहणं हे त्यांच्यासाठी व्रत आहे. प्युरिटनांनी चर्चच्या भिंती कोऱ्या ठेवल्या. यांनी चक्रधर जिथं बसले तो प्रत्येक ओटा नोंदवून ठेवला, ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथच केला त्याचा.

ॲन फेल्डहाऊस ही अमेरिकी अभ्यासक. तिनं आणि शं. गो. तुळपुळे यांनी ‘स्मृतिस्थळ’ इंग्रजीत नेलं. गुरू गेल्यानंतर नागदेवाचार्यांनी पंथ कसा सांभाळला, त्याच्या या आठवणी. 1992 च्या त्या पुस्तकाला नाव दिलं ‘इन द ॲब्सेन्स ऑफ गॉड’. हे शीर्षक पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्याचं कारण समीक्षेबाहेरचं आहे, पण सांगते.

आजी दोन वर्षं एकच वाक्य म्हणत होती : “पोरी, मले एकडाव रितपूरले नेजो.” गाडीनं दीड-दोन तासांचं काम. माझी आधी सेट होती, मग क्लासच्या बॅचेस, मग ऊन. ती गेली तेव्हा तिला काय पाहायचं होतं तिथं, हेही मी कधी विचारलेलं नव्हतं. पाप लागलं असतं तर फेडता आलं असतं. लोकांची लाज म्हणावी, तर कोणाला माहीतच नाही, आईलासुद्धा नाही. मग हे काय आहे, सर?

मागच्या महिन्यात रिद्धपूरला एकटी जाऊन आले. एसटीतून उतरले तेव्हा मराठी भाषा विद्यापीठाच्या पाटीचा फोटो काढला, सवयीनं. राजमठाच्या बाजूला एक म्हातारे बाबा भेटले. “दंडवत” म्हणाले, कोणाच्या घरची म्हणून विचारलं. आजीचं नाव सांगितल्यावर थोडा वेळ आठवून म्हणाले, “थे? थे तं लगन व्हायच्या आंधी इथंच भांडली होती पुजाऱ्यासंग.” कशावरून, ते त्यांना आठवेना. त्यांनी दुसऱ्या एका बाईंचं नाव सांगितलं, त्या आता चांदूरबाजारला असतात. मी ते नाव फोनमध्ये लिहून घेतलं.